पावणेचार वर्षं नगरसेवकच नव्हता, आणि कुणाला काही वाटलंच नाही?

उंबरेझिजवे (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. लांबलाय, माफी. आणि पक्षांची भांडणं इथे नकोत एवढी विनंती, त्यासाठी बाकीचे धागे पडलेत की.

२०१९ पासून आपण महाराष्ट्राचं राजकारण बघतोय म्हणजे नक्की काय बघतोय? पहाटेचा शपथविधी, मग तीन पक्षांचं सरकार, मग सुरत, मग गुवाहाटी, काय झाडी काय डोंगार, मग धनुष्यबाण कुणाचा, घड्याळ कुणाचं, अध्यक्षांपुढची सुनावणी, कोर्टातली सुनावणी, आणि या प्रत्येकावर रोज संध्याकाळी सहा चौकटीतली सहा माणसं एकमेकांवर ओरडतायत. मी हे सगळं पाहिलंय, खोटं कशाला बोलू, आवडीने पाहिलंय. शिवसेना फुटीवरचा ११ मे २०२३ चा निकाल लाइव्ह ऐकलाय ऑफिसात कानात बोंडं घालून.

आणि नेमका याच काळात माझ्या प्रभागात नगरसेवक नावाचा प्राणीच नव्हता. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली सगळी वर्षं प्रशासक. प्रशासक म्हणजे कोण तर आयुक्तच. म्हणजे प्रस्ताव ठेवणार आयुक्त, स्थायी समिती म्हणून तो मंजूर करणार प्रशासक, सर्वसाधारण सभा म्हणून त्यावर शिक्का मारणार पुन्हा प्रशासक, आणि हे तिघं मिळून माणूस एकच! मुंबईचंच घ्या, २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, आणि ते ज्यांनी मांडलं त्यांनीच मंजूर केलं, निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नव्हता त्यावर हरकत घ्यायला.

घटनेत सरळ लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ७४ वी घटनादुरुस्ती, १९९२. लोकसभा एक महिना उशिरा झाली असती तर देशात काय झालं असतं? इथे पावणेचार वर्षं गेली आणि आपण झाडी-डोंगार करत बसलो.

आता माझं रडगाणं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर तुंबतं. पावसाळ्यात नाही, बारा महिने. अ‍ॅपवर तक्रार टाकली की टोकन येतं, दोन दिवसांनी मेसेज येतो "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे" आणि सोबत एका स्वच्छ कोरड्या चेंबरचा फोटो. चेंबर छान आहे, आमचं नाही एवढंच. परत टाकली, परत निराकरण. वॉर्ड ऑफिसला गेलो तर जेई (कनिष्ठ अभियंता) साइटवर, साइटवर गेलो तर जेई मीटिंगला. पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन आरडाओरडा करता यायचा हो. काम होईलच असं नाही, पण पुढच्या वेळी मत मागायला येशील ना असं तोंडावर बोलता तरी यायचं. प्रशासकाला मी काय सांगणार, त्याची बदली तर मंत्रालय करतं.

माझा प्रश्न असा की याचा राग आपल्याला का आला नाही? एक मोर्चा नाही, एक बंद नाही, रोजच्या चर्चेत विषय नाही. बोला.

शेंडेफळ

+१. चेंबर आमचंही तुंबतं. फरक एवढाच की आमचं नगरसेवक असतानाही तुंबायचं.

फायलीतला किडा

उंबरेझिजवे, तुमची तळमळ कळते पण नाण्याला दुसरी बाजू आहे. मी रिटायर्ड माणूस, वॉर्ड ऑफिसात हयात गेली, कुठल्या शहरात ते विचारू नका.

नगरसेवक होते तेव्हा काय चालायचं ते सांगतो. वॉर्डाच्या निधीचं वाटप म्हणजे बाकडी, कमानी, नामफलक, आणि फुटपाथचे धडधाकट ब्लॉक उखडून त्या जागी नवीन ब्लॉक. आर्थिक वर्ष संपत आलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये जो धुमाकूळ असायचा तो तुम्ही बाहेरून बघितलाय, आम्ही आतून. सर्वसाधारण सभेत "आयत्या वेळचा विषय" म्हणून जे काही घुसायचं त्याची विषयपत्रिकेत ओळसुद्धा नसायची. वर उपसूचना. मूळ विषय असायचा उद्यानाचा, उपसूचनेतून निघायचा भलत्याच रस्त्याचा ठेका. टक्केवारीबद्दल मी बोलत नाही, सगळ्यांना माहितीय.

प्रशासक आल्यावर फायली पळायला लागल्या हे खरं आहे. जी फाईल चार महिने स्थायीत लोळायची ती आठवड्यात सुटायची.

पण (हे मीच सांगतो, नाहीतर म्हणाल सरकारी माणूस बाजू घेतोय) दबाव गेला असं समजू नका. फोन यायचेच, फक्त नंबर बदलले. पूर्वी नगरसेवकाचा यायचा, नंतर आमदाराच्या पीएचा आणि पालकमंत्र्यांच्या ऑफिसातून यायचा. मुंबईत तर २०२३ मध्ये पालकमंत्र्यांना महापालिकेच्या मुख्यालयातच दालन मिळालं, पेपरला आलं होतं. नगरसेवक छोट्या गोष्टीसाठी फोन करायचा, चेंबर, दिवा, पाण्याची वेळ. आमदार काय चेंबरसाठी फोन करत नाही. त्यामुळे मोठ्या फायली पळाल्या आणि बारीक कामं मेली. जेईला कुणाचा धाकच उरला नाही, आणि धाक नसला की साइट आणि मीटिंग यांच्या मध्ये माणूस गायब होतो, तो तुम्हाला कसा सापडणार.

कोपऱ्यावरची

किडाकाका, बाकडी आणि कमानी मान्य. पण आमच्याकडे रात्री पाण्याची लाईन फुटली तेव्हा कोण आलं होतं? आमची नगरसेविका, गाऊनवर ओढणी घेऊन. तिने तिथूनच कुणाकुणाला उठवलं आणि पहाटेपर्यंत जेसीबी आला. पुढच्या वेळी लाईन फुटली तेव्हा प्रशासक राजवट होती. हेल्पलाइनवर गाणं ऐकलं, पाणी आलं तिसऱ्या दिवशी.

आणि एक मुद्दा कुणी काढतच नाही. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये अर्ध्या जागा बायकांना आहेत. आमदारकीला खासदारकीला तिकीट मागायला गेलं तर हसतात, राजकारणात शिरायची सामान्य बाईला हीच एक वाट आहे. नवरेच कारभार बघतात, बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा असतो, सगळं ठाऊक आहे. तरी पाच वर्षांत त्यातल्या काही जणी शिकतात, सभागृहात उठून बोलायला लागतात, दुसऱ्या टर्मला नवरा मागे पडतो. माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. ज्यांची तयारी झाली होती त्यांची पावणेचार वर्षं फुकट गेली. काही जणींनी नाद सोडला.

सडेतोड

यात कसली चर्चा करायची. निवडणुका कुणी लांबवल्या ते जगजाहीर आहे. ज्यांना हरायची भीती होती त्यांनी. नाव घ्यायला घाबरता का सगळे?

काडीबहाद्दर

घ्या नाव. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तारीखवार

सडेतोड, नाव घ्यायचं तर सगळ्यांचंच घ्यावं लागेल, एकेक तारीख बघा.

४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण हवं असेल तर आधी स्वतंत्र आयोग नेमा, संस्थानिहाय आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. तेव्हा सरकार आघाडीचं. आकडेवारीचं काम रखडलं, मध्ये अध्यादेश काढला, तोही कोर्टात अडकला. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे मुदती संपत असतानाच, प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा झाला. मे २०२२ मध्ये कोर्ट म्हणालं दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. जूनमध्ये सरकारच गेलं. जुलैमध्ये ओबीसी आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या अहवालानंतर ओबीसी आरक्षणाचा मार्ग मोकळा झाला, आता तरी होतील असं वाटलं. तर नवीन सरकारने ऑगस्टमध्ये प्रभागांची संख्या फिरवली. मुंबईत आधीच्यांनी २२७ च्या २३६ केल्या होत्या, यांनी परत २२७ केल्या. त्यावर याचिका, त्यावर "जैसे थे", आणि मग जवळजवळ तीन वर्षं नुसत्या तारखा. ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, तेही जमलं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची मुदत. नगरपालिका डिसेंबरात झाल्या, महापालिका जानेवारीत.

यात आघाडीही आहे, युतीही आहे, न्यायालयाची गतीही आहे. कुणालाच घाई नव्हती. सत्तेत असलेल्याला महापालिका मंत्रालयातून चालवायला मिळते, आणि जो विरोधात जातो त्याला वाटतं थांबू, वारं फिरलं की लढू.

शिवाय तुमचं पावणेचार वर्षं ऐकून नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, कल्याण-डोंबिवलीचे लोक हसतील. त्यांची मुदत २०२० मध्येच संपली होती, कोविडमध्ये. पाच वर्षांची एक अख्खी टर्म तिथे कुणीच निवडून आलेलं नव्हतं.

सडेतोड

अच्छा म्हणजे सगळे सारखेच. ही तुमची निष्पक्षता ना, याचाच फायदा होतो त्यांना.

काडीबहाद्दर

त्यांना म्हणजे कुणाला? नाव, नाव.

संपादक मंडळ

वरच्या दोन सदस्यांमधले पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर बोला.

कॉलम सेंटिमीटर

धागाकर्त्याने विचारलंय राग का आला नाही, त्यातला माझ्या धंद्याचा वाटा सांगतो. मी पेपरात महापालिका बीट करायचो, नंतर एका चॅनेलला गेलो, आता दोन्ही सुटलंय.

महापालिका बीट नगरसेवकांवर जगतं. सभागृहात भांडण झालं, कुणी राजदंड पळवला, कुणी खड्ड्यात बसून आंदोलन केलं, कुणी विरोधी पक्षनेत्याने ठेक्याची कागदं आणून दिली, की बातमी. कागदं हाच खरा माल असतो. ती आम्हाला कोण देतं? ज्याला त्या ठेक्यात वाटा मिळाला नाही तो. वाईट वाटलं तरी तसंच आहे, निम्मे घोटाळे असेच बाहेर येतात. प्रशासक आल्यावर सभाच नाही, भांडणारा नाही, कागद फोडणारा नाही. प्रेसनोट येते, आयुक्तांनी नालेसफाईची पाहणी केली, फोटो सोबत. मग बीटवरच्या दोघांतला एक कमी केला. मग दुसऱ्याला क्राइम पण बघ म्हणाले.

चॅनेलला तर विषयच नको. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं की प्रशासक राजवटीवर अर्धा तास करू, तर पहिला प्रश्न, व्हिज्युअल काय? काय सांगणार, रिकामं सभागृह? कुलूप? गुवाहाटीच्या हॉटेलचं गेट निदान उघडझाप तरी व्हायचं. बाईट देणारा नेता दारात उभा असतो, फुकट आणि रोज नवीन बोलतो, त्यावर चार तास निघतात. प्रभागरचनेच्या याचिकेवर तारीख पुढे गेली ही खालच्या पट्टीतली एक ओळ. ती ओळ किती वेळा गेली असेल याची गणती नाही, आणि दर वेळी ती कुणी वाचायच्या आत "मोठी बातमी" वरून यायचं.

प्रेक्षकांनाही सोडत नाही मी. तुम्ही स्वतःच लिहिलंय आवडीने पाहिलं म्हणून.

शेंडेफळ

घाव वर्मी बसलाय.

शिवारातला

शहरवाल्यांचं ऐकून गंमत वाटली. आमच्या झेडपीत पण प्रशासकच होता, पंचायत समितीत पण. झेडपीच्या शाळेचं छप्पर गळतंय तर सांगायचं कुणाला, सदस्यच नाही. बीडीओ म्हणतो वरती पाठवलंय. वरती म्हणजे कुठं ते देवाला ठाऊक. ज्या झेडप्यांत आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढं गेलंय त्यांचं तर महापालिकांसोबत पण झालं नाही.

पण एक आहे, गावात ग्रामसभा असती. कशी का असंना, पंधरा माणसं का जमंनात, सरपंचाला समोर बसावं लागतं आणि कुणी पण उठून विचारतं की गाळाचं बिल कसं काय एवढं निघालं. तुमच्याकडं लाखभर लोकांमागं असं काय आहे का? तुम्ही अ‍ॅपवर फोटो टाकता.

तारीखवार

शिवारातला, कायद्यात आहे. महापालिका कायद्यात २००९ च्या सुधारणेत क्षेत्रसभा घातली, वॉर्डातल्या मतदारांची सभा, ग्रामसभेचा शहरी भाऊ. तीन लाखांवरच्या शहरात वॉर्ड समित्या तर घटनेतच आहेत. इथल्या कुणी क्षेत्रसभा झालेली पाहिलीय का? खरंच विचारतोय.

कोपऱ्यावरची

नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

फायलीतला किडा

आम्ही ऑफिसात ऐकलं होतं. परिपत्रक आलं, आवक नंबर पडला, फाईलला लागलं. विषय संपला.

पहिलटकर

माझं हे पहिलंच स्थानिक मतदान होतं, वय २३. चार जागांचा प्रभाग, मशीनवर अ ब क ड, चार मतं द्यायची. रांगेत निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं, एक काका एकच बटण दाबून निघाले तर आतले कर्मचारी मागून ओरडतायत अहो अजून तीन राहिली. मला उमेदवारांपैकी एकाचंही काम माहीत नव्हतं कारण काम करायला कुणी पदावर नव्हतंच ना, मी शाळेत होतो तेव्हाचे नगरसेवक आठवतायत फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून. शेवटी पक्ष बघूनच दाबलं. आणि काही शहरांत तर मतदानाआधीच बऱ्याच जागा बिनविरोध झाल्या. म्हणजे इतकी वर्षं थांबायचं आणि मग त्या जागेसाठी बटणच नाही, नोटा पण नाही. माझ्या मित्राच्या प्रभागात असं झालं, तो म्हणतो मला सुट्टी मिळाली फक्त.

सडेतोड

बिनविरोध कुणाचे झाले ते पण सांगा की.

काडीबहाद्दर

सहा प्रतिसाद उडाले तरी माणूस थकत नाही, कमाल आहे.

उंबरेझिजवे (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

किडाकाका, तुमचं बारीक कामं मेली हे वाक्य अगदी नेमकं. आणि कॉलमभाऊ, टोला मान्य, पण मी तो शो बघतो म्हणून तुम्ही तो दाखवता आणि तुम्ही दाखवता म्हणून मी बघतो, यात पहिलं पाऊल कुणी उचलायचं ते ठरेपर्यंत तिकडे एक अख्खं बजेट पास होतं.

आता ताजी परिस्थिती. निवडणूक झाली, निकाल लागला, गुलाल उधळला, डीजे वाजला. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आलेत, तिघं एका पक्षाचे आणि एक दुसऱ्याचा. मी उत्साहाने चेंबर घेऊन पहिल्याकडे गेलो. तो म्हणाला तुमची गल्ली माझ्याकडे नाही, आम्ही भाग वाटून घेतलेत, तुम्ही ताईंकडे जा. ताई घरी नव्हत्या, त्यांचे मिस्टर भेटले (कोपऱ्यावरची, हसू नका), ते म्हणाले गल्लीची डावी बाजू आमच्याकडे, चेंबर उजवीकडे आहे. उजवीकडचा दुसऱ्या पक्षाचा. तो म्हणाला मी एकटा पडलोय, माझं कोण ऐकतंय, तुम्ही एक व्हिडिओ काढून टाका मी शेअर करतो. म्हणजे पूर्वी कुणीच नव्हतं, आता चार आहेत, आणि चेंबर तुंबलेलंच.

हे वाटप कुठल्या कायद्यात आहे का तारीखवार?

तारीखवार

नाही. चौघंही अख्ख्या प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. चारही जागांना सगळ्या प्रभागाने मत दिलंय. वाटप हे त्यांचं आपापसातलं.

तोंडी जाऊ नका. एकच अर्ज लिहा, वर चौघांची नावं टाका, प्रत वॉर्ड ऑफिसला. चेंबरच्या जुन्या तक्रारींचे टोकन नंबर आणि ते निराकरणाचे फोटो जोडा. त्याच अर्जात खाली क्षेत्रसभा घ्या अशी मागणी टाका, गल्लीतल्या जेवढ्यांच्या मिळतील तेवढ्यांच्या सह्या घ्या.

कॉलम सेंटिमीटर

आणि ते खोटे फोटो इकडे पण टाका. बंद झालेल्या तक्रारींना कामाचा फोटो म्हणून काय काय लावलंय, ते माहिती अधिकारात मागता येतं, एकाच चेंबरचा फोटो वेगवेगळ्या तक्रारींना लावलेला निघाला तर बघा. ती बातमी होते. व्हिज्युअल पण आहे.

फायलीतला किडा

निघेल. लिहून देतो निघेल.

कोपऱ्यावरची

महिन्याची सर्वसाधारण सभा बघायला जाता येते ना? मला जायचंय, आमची जुनी नगरसेविका परत निवडून आलीय.

फायलीतला किडा

येते की. सभा लोकांना खुली असते, प्रेक्षक गॅलरी असते. नगरसचिव कार्यालयातून पास घ्या, आधल्या दिवशी जा म्हणजे विषयपत्रिका पण मागता येईल. देत नाही म्हणाले तर माहिती अधिकाराचं नाव काढा. आणि सभा उशिरा सुरू होते, वेळेवर जाऊन उपाशी बसू नका, अर्धी वेळ श्रद्धांजलीवर तहकूब होते.

उंबरेझिजवे (धागाकर्ता)

अर्ज लिहायला घेतलाय. काका, पोच नगरसेवकांकडून पण घ्यायची का फक्त वॉर्ड ऑफिसची पुरेल? आणि आवक-जावकवाला साहेब आल्यावर शिक्का देतो म्हणाला तर?

फायलीतला किडा

पोच दोन्हीकडची घ्या. आणि साहेब येईपर्यंत वगैरे काही नसतं, शिक्का त्याच्याच टेबलावर असतो. साडेदहा ते साडेबारा जा, जेवणानंतर तो सापडत नाही.